घरघर (लेखांक ९) : मोटर दांडगी, नळी बारीक

"अहो, ती आधी बंद करा, मग बोला."

आमच्या स्वयंपाकघरात हे वाक्य दीड वर्ष रोज ऐकू येत होतं. ती म्हणजे शेगडीवरची चिमणी. मराठीनं या एका शब्दात अंगणातलं पाखरू, रॉकेलचा दिवा आणि गिरणीचं धुराडं अशा तिघांची सोय लावलेली आहे. त्यात ही चौथी आली आणि सगळ्यांत बोलकी निघाली. ठेच्यासाठी मिरच्या परतायला घेतल्या की तिला तीन नंबरवर टाकावं लागे, आणि तीन नंबरवर टाकली की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नसत. आई बाहेरच्या खोलीतून विचारायची, "किती झाल्या गं?" इकडून अंदाजानं उत्तर जायचं. वरणाचा लगदा होण्याचं प्रमाण त्या दीड वर्षात बरंच होतं.

गेल्या आठवड्यात आपण मिक्सरबद्दल बोललो. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये मिक्सर राहिला बाजूला आणि चिमणीचंच गाऱ्हाणं इतक्या वेळा आलं की या आठवड्यातला फ्रिज मी पुढे ढकलला. बहुतेकांचा प्रश्न एकच: आवाज फार करते, मोटर बदलू का? माझं उत्तर असं की मोटरला हात लावण्याआधी पाइप मोजा. हे उत्तर मी पुस्तकातून दिलेलं नाही, घरात चूक करून शिकलोय. ती चूक आधी सांगतो.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोतलं. १९७० च्या दशकात सिडकोनं जुन्या शहराच्या पूर्वेला ही वसाहत आखायला घेतली. आमच्या ओळीतल्या घरांना स्वयंपाकघर मागच्या भिंतीला आणि त्याच्या मागे थोडी मोकळी जागा अशी रचना होती. खिडकी उघडली की फोडणीचा धूर सरळ बाहेर. पुढे घराघरांत माणसं वाढली, धुणं-भांड्याला आडोसा हवा झाला, आणि एकेकानं मागची जागा बांधून काढली. आम्हीही काढली. त्यामुळे स्वयंपाकघराची बाहेरची भिंत आतली झाली आणि स्वयंपाकघर घराच्या पोटात गेलं. चिमणी घ्यायची वेळ आली ती त्यामुळेच.

दुकानात आम्ही पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात: "सक्शन किती?" उत्तर आलं, "बाराशे." बाराशे म्हणजे तासाला बाराशे घनमीटर हवा. शेजारी हजारवाली होती, तिला आम्ही नाक मुरडलं. आवाजाचं विचारल्यावर विक्रेत्यानं खोक्यावरचा ५८ डेसिबलचा आकडा दाखवला. आखूडशिंगी, बहुदुधी, आणि वर दिवाळीची सूट. घेतली.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. चिमणीच्या डोक्यावर पाइप जोडायची जी गोल कडी असते, तिला कॉलर म्हणतात. आमच्या चिमणीची कॉलर सहा इंची. तिथून पाइप वर न्यायचा, माळ्यावर वळवायचा, बांधून काढलेल्या खोलीवरून बारा फूट आडवा न्यायचा आणि मागच्या भिंतीतून बाहेर काढायचा. त्या भिंतीत बांधकामाच्या वेळी टाकून ठेवलेला चार इंची पीव्हीसी पाइप होता. सहा इंची भोक पाडायचं तर कोअर कटिंगवाल्याला वेगळं बोलवावं लागणार, त्याचे पैसे वेगळे, आणि नव्या टाइल्सवर धूळ. फिटरनं पिशवीतून सहाचा चार करणारा रिड्यूसर काढला. मी जरा घुटमळलो तर म्हणाला, "काका, हवाच तर जायची. पाणी थोडंच जायलंय! हवा कुठून बी जाती."

मी मान डोलावली. कॉलेजात तीन वर्षं भौतिकशास्त्र घेतलेल्या माणसानं ती डोलवायला नको होती.

आता तो आवाज नेमका कोणाचा, हे ओळखायची एक सोपी रीत सांगतो. तिला उपकरण लागत नाही. चिमणी सगळ्यात वरच्या वेगावर चालू द्या, घरातला टीव्ही बंद करा आणि मग बटण बंद करून कान द्या. जो आवाज बटणासरशी तुटतो तो विजेचा. पात्यांचा वेग उतरेल तसा जो विरत जातो तो हवेचा. आणि अगदी शेवटी, पाती थांबायला आली असताना जी खरखर किंवा टिकटिक उरते ती बेअरिंगची, बुशची, नाहीतर कुठेतरी घासणाऱ्या पत्र्याची. चार-पाच वेळा हे करून पाहा. कान लवकर तयार होतो.

विजेचा आवाज म्हणजे काय? आपल्याकडच्या साध्या चिमण्यांत आणि एक्झॉस्ट फॅनमध्ये सिंगल फेजची इंडक्शन मोटर असते. जोडीला कपॅसिटर, ज्याला आपले सगळे इलेक्ट्रिशियन कंडेन्सर म्हणतात. वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मोटरमधल्या लोखंडाला सेकंदाला १०० वेळा ओढ बसते आणि सुटते. तिचा मूळ गुणगुणाट म्हणून १०० हर्ट्झचा असतो. रस्त्यावरच्या डीपीजवळ उभं राहिलं की जो हूंऽऽ ऐकू येतो, त्याच जातीचा. मोटर भिंतीला किंवा पातळ पत्र्याला रबरी वायसर न लावता आवळली तर तो पत्रा तबल्याच्या पानासारखा वाजतो आणि हाच आवाज मोठा होतो. रबर घातलं, स्क्रू सारखे आवळले की हे दुखणं बरंचसं जातं. बीएलडीसी मोटरच्या ज्या जाहिराती हल्ली दिसतात, त्यातला खरा भाग इथला: त्या मोटरमध्ये हा गुणगुणाट कमी असतो, वीज कमी लागते आणि वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. पण हवेच्या आवाजाला मोटर कुठल्या जातीची आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

आमच्या घरी मी बटण बंद करून ऐकलं तेव्हा तुटलेला आवाज इतका किरकोळ होता की तो तुटल्याचं पहिल्यांदा लक्षातच आलं नाही. उरलेला सगळा घोंघाट सावकाश उतरत गेला. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष होती. ओरडत होती ती हवा.

हवा ओरडते ती वेगामुळे, आणि वेगाचा हिशेब इथे फार निर्दय आहे. पंख्यांचे काही ठरलेले नियम आहेत. तोच पंखा दुप्पट वेगानं फिरवला तर हवा दुप्पट मिळते, दाब चौपट होतो आणि वीज आठपट लागते. आवाज साधारण १५ डेसिबलनं चढतो. डेसिबल ही मापाची पट्टी जरा तऱ्हेवाईक आहे. एकाशेजारी एक अशा दोन सारख्याच चिमण्या लावल्या तर आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, पण पट्टीवर फक्त ३ डेसिबल वाढतात. आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्या मापानं १५ डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट.

याचं रोजच्या पाहण्यातलं उदाहरण म्हणजे न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या झरोक्यात बसवलेला एक्झॉस्ट फॅन. बारा इंची, म्हणजे ३०० मिलिमीटर पात्याचा फॅन बाजारात दोन तऱ्हांचा मिळतो: मिनिटाला साधारण १४०० फेरे घेणारा आणि ९०० फेरे घेणारा. वाइंडिंगमधल्या पोलांचा हा फरक: चार पोलांची मोटर पहिली, सहा पोलांची दुसरी. ९०० वाला फॅन १४०० वाल्याच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडी कमी हवा फेकतो. आवाज मात्र ९-१० डेसिबलनं कमी, म्हणजे कानाला निम्मा. गिऱ्हाईक दुकानात फॅन हातात धरून चालवून बघतं, जोराचा वारा लागला की खूश होतं आणि १४०० वाला घरी नेतं. वर्षभरानं त्याच्या पात्यांवर तेलाचा चिकट थर बसतो, एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि मग तो थरथरायलाही लागतो. झरोका मोठा असेल तर मी सरळ सांगतो, मोठ्या पात्याचा आणि कमी फेऱ्यांचा घ्या. तेवढीच हवा हलवायला मोठा सावकाश पंखा लहान चपळ पंख्यापेक्षा जवळजवळ नेहमीच शांत असतो. डोक्यावरचा छतपंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो आणि त्याच्याखाली आपण झोपतो, ते उगाच नाही.

एक्झॉस्ट फॅनबद्दल आणखी एक. त्याला पाइप जोडू नका. सरळ पात्यांचा पंखा हवा ढकलतो खरा, पण अडथळा आला की त्याचा जोर संपतो. पुढे दहा फूट पाइप लावला की तो जागच्या जागी हवा घुसळत बसतो आणि आवाज दुप्पट करतो. पाइपातून हवा न्यायची तर पिंजऱ्यासारख्या पात्यांचा ब्लोअर लागतो, आणि चिमणीत तोच असतो.

आता पाइप. इथला हिशेब चौथीतल्या पोरालाही जमेल. इंचांचा वर्ग करा. सहा इंचीचा ३६, चार इंचीचा १६. म्हणजे चार इंचीचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही लहान. तेवढीच हवा त्यातून काढायची तर तिला सव्वादोनपट वेगानं पळावं लागणार. आमच्या बाराशेच्या मोटरचं गणित मी नंतर कागदावर मांडलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. बाराशे घनमीटर हवा सहा इंची पाइपातून न्यायची तर ती सेकंदाला १९ मीटरनं, म्हणजे ताशी ६८ किलोमीटरनं जायला हवी. बीड बायपासवर रस्ता मोकळा सापडला तर गाडी जाईल तशी. तीच हवा चार इंचीतून ताशी १५० च्याही वर. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, आणि मी माझ्या माळ्यावरून १५० नं हवा पळवायला निघालो होतो, तीही तीन वळणांच्या रस्त्यावरून.

अर्थात ती पळत नव्हती. हवेला तेवढा वेग द्यायचा तर केवळ वेगासाठीच १०८० पास्कल दाब लागतो, म्हणजे ११ सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पाइपाचं घर्षण आणि वळणं यांचा खर्च वेगळा. घरगुती चिमणीचा ब्लोअर साधारण तीन-चार सेंटीमीटर पाण्याइतका दाब देतानाच घायकुतीला येतो. खोक्यावरचा बाराशेचा आकडा बहुधा मोकळ्या तोंडाचा असतो, पुढे पाइप नसतानाचा. पाइप जोडला की तो उतरतो, आणि बारीक पाइप जोडला तर कोसळतो. एकाच लांबीच्या पाइपातून तेवढीच हवा नेताना घर्षणाचा खर्च व्यासाच्या पाचव्या घातानं वाढतो. सहाचा चार केला की साडेसातपट. दीड वर्ष आम्ही बाराशेची मोटर चालवत होतो आणि बाहेर त्याच्या निम्मीही हवा जात नसावी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आणि हवा कमी जाते म्हणून आवाजही कमी होतो, असं नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळहात ठेवून पाहिलाय कधी? आवाज एकदम चढतो, बारीक आणि किंचाळता होतो. हवा आत यायची थांबली, ब्लोअरवरचा बोजा उतरला, मोटर मोकाट फिरायला लागली. चिमणीच्या ब्लोअरचंही तसंच होतं. पुढे पाइप तुंबला की मोटर थोडी जोरात फिरते आणि आवाजाची पट्टी वर जाते. आपण समजतो, काय जोर लावतेय! प्रत्यक्षात ती रिकामी धावत असते. माझ्या मते चिमणीच्या बाबतीतला सगळ्यात मोठा गैरसमज हाच: जितका आवाज तितकी ओढ.

वेगवान हवेचा स्वतःचा आवाज किती झपाट्यानं वाढतो याचा पाया इंग्लंडमध्ये जेम्स लाइटहिल या गणितज्ञानं १९५२ साली घातला. त्यांच्यापुढे प्रश्न जेट विमानांचा होता. इंजिनातून मोकळ्या आकाशात सुटणाऱ्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घातानं वाढतो, असं त्यांनी दाखवलं. पाइपातल्या, जाळीवरच्या आणि कडांवर आपटणाऱ्या हवेसाठी तो घात सहाच्या आसपास येतो. सहाही काही थोडा नाही. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा ६४ पट, म्हणजे १८ डेसिबल. पंख्याच्या वेगापेक्षाही हा हिशेब कडक. म्हणून मी म्हणतो की चिमणी घेताना शंभर-दोनशे घनमीटर जास्त की कमी यावर घासाघीस करण्याऐवजी पाइपाच्या एका इंचासाठी भांडा.

वळणांचंही तेच. फिटरनं आमच्या पाइपाला पहिलं वळण कॉलरला लागूनच दिलं होतं. ब्लोअरमधून हवा बाहेर पडते तेव्हा ती गिरक्या घेत, गोंधळलेली असते. तिला सरळ व्हायला फूट-दीड फूट तरी मिळायला हवा. तसाच गोंधळ भिंतीवर आपटला की गडगडाट. त्यात तो अॅल्युमिनियमचा लवचिक होस पाइप. ताणून सरळ बसवला तर चालतो, पण आमच्याकडे उरलेला पाइप कापायचा कंटाळा म्हणून तो हार्मोनियमच्या भात्यासारखा दाबून माळ्यावर कोंबलेला होता. बारा फुटांच्या वाटेत वीस फुटांचा पाइप, आणि आतून प्रत्येक घडीची एक कड. हवा त्या प्रत्येक कडेला नमस्कार करत जात होती.

शेवटी पडताळा घेतला तो असा. मी माळ्यावर चढलो आणि कॉलरवरून होस पाइप सोडवला. बायको खाली बटणापाशी. "लाव तीन नंबर!" तिनं लावला. सगळी हवा माझ्या तोंडावर आली, पण खालून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "अगंबाई, बंद पडली की काय?" बंद पडली नव्हती. पाइप नसताना ती जेवढा आवाज करायची तेवढा करत होती. फोनवरच्या फुकट अॅपनं ओट्यापाशी पाइप असताना ७१ आणि नसताना ६२ दाखवले. फोनच्या माइकवर अमुकच डेसिबल म्हणून विश्वास ठेवू नये, पण एकाच जागी ठेवून आधी आणि नंतर अशी तुलना करायला तो पुरतो. तुम्हीही हे करून पाहू शकता. पाइप सोडल्यावर आवाज ठळक उतरला तर गुन्हेगार पाइप. नाही उतरला तर मोटर, पाती किंवा बसवण्यातला दोष बघा. शेगडी बंद ठेवून करा आणि एका मिनिटात आटपा, एवढंच.

मग कोअर कटिंगवाला आला. जे पैसे वाचवले होते ते द्यावेच लागले, आणि टाइल्सवर धूळ झालीच. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमधून जस्ताच्या पत्र्याचा सहा इंची गोल पाइप करून आणला. पीव्हीसी आतून गुळगुळीत असतो हे खरं, पण उष्णतेनं मऊ पडतो, आणि तेलाची वाफ जिथून जाते तिथे मला पत्राच बरा वाटतो. कॉलरच्या वर दीड फूट सरळ, मग एका काटकोनाऐवजी पंचेचाळीस अंशाची दोन वळणं, मग बारा फूट सरळ बाहेर. भिंतीबाहेर काउल, म्हणजे पाइपाच्या तोंडावरचं टोपण, बसवला, तो पश्चिमेचा वारा तोंडावर येणार नाही अशा बेतानं. त्याच्या झडपेचा पत्रा फडफडायचा, म्हणून कडेला रबराची पट्टी चिकटवली. तीन नंबरवर आता अॅप ६३ दाखवतं.

पण खरा फायदा वेगळाच झाला. तीन नंबर लावायची गरजच संपली. दहा बाय आठ फुटांचं, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे २३ घनमीटरच्या आत हवा. तासाला पंधरा-वीस वेळा ती बदलावी हा व्यवहारातला आडाखा धरला तर साडेतीनशे ते साडेचारशे घनमीटर पुरेत. साडेचारशे घनमीटर हवा सहा इंचीतून ताशी २५ किलोमीटरनं जाते, सायकलच्या वेगानं. चार इंचीतून तीच ५७ नं. भाजीला आता एक नंबर, फोडणीला दोन, आणि तीन फक्त मिरच्यांना. म्हणजे मोठी मोटर वाईट असं मी म्हणत नाही. रुंद पाइपावर, सावकाश चालवलेली मोठी मोटर लहान मोटर पळवण्यापेक्षा शांत असते. अडाणीपणा आहे तो मोठी मोटर बारीक पाइपाला जुंपण्याचा.

मग आठ इंची का नको, बारा इंची का नको? आठ इंचीला जागा असेल तर खुशाल घाला, विशेषतः पाइप पंधरा फुटांच्या पुढे जाणार असेल तर. त्याहून रुंद पाइपात हवा इतकी रेंगाळते की तेलाची वाफ वाटेतच थंड होऊन पाइपाला चिकटते, आणि चिमणी बंद असताना बाहेरचा वारा उलटा आत येतो. घरासाठी सहा ते आठच्या मध्येच राहावं.

एक गोष्ट अजून राहिली, आणि ती लोकांच्या डोक्यात सहसा येतच नाही. जेवढी हवा बाहेर काढायची तेवढी आत यायलाही हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद करून चिमणी लावली तर ती बाटलीतून हवा ओढावी तशी ओढत बसते आणि तोच किंचाळता सूर काढते. शेगडीच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. फटीपाशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला तर वाट बरोबर आहे.

हे शहाणपण आपल्या भागाला नवं नाही. माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला साणं, म्हणजे उघडं भोक, असायचं. गरम धूर आपणहून वर जायचा, दारातून थंड हवा त्याची जागा घ्यायची. डोळे चुरचुरायचे ते चुरचुरायचेच, पण आवाज शून्य. आणि शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरीच्या किल्ल्यात याच विद्येचा दुष्ट उपयोग आहे. अंधारी नावाच्या भुयारातून शत्रू वर चढू लागला की भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर जाळ करायचा आणि वाट धुरानं कोंडून टाकायची. सहलीला गेलेल्या प्रत्येकानं गाइडकडून एवढं ऐकलेलं असतं. पण त्या जाळाला वारा मिळावा म्हणून शेजारीच खडकात एक भोक काढलेलं आहे, तिकडे फार कोणी बघत नाही. हवेला आत यायला वाट दिल्याशिवाय धूर हुकमेहुकूम हलत नाही, हे ते खोदणाऱ्याला ठाऊक होतं. आमच्या फिटरला आणि मला नव्हतं.

खोक्यावरच्या डेसिबलबद्दल थोडक्यात. चिमणीचा आवाज मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धती ठरलेल्या आहेत, पण दुकानातला आकडा कोणत्या वेगावरचा, किती अंतरावरून, आणि पाइप जोडून की न जोडता, हे खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं. शिवाय यंत्र एकूण किती आवाज सोडतं हे एक माप आणि तुमच्या कानाशी किती पोचतो हे दुसरं. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करताना ही सगळी माहिती विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर आकडा बाजूला ठेवा. गंमत म्हणजे आपल्याकडच्या दोन मोठ्या नावांचं, फेबर (१९५५) आणि एलिका (१९७०) यांचं मूळ इटलीतल्या फाब्रियानो या एकाच गावात आहे. शेकडो वर्षं कागद करणारं गाव. भारतात दोघींचंही बस्तान पुणे परिसरात बसलं. इटलीतल्या घरात आपल्यासारखी रोज तीन वेळा खमंग फोडणी बसत नसावी, असा माझा संशय आहे.

शेवटी शेजाऱ्यांचं. एका वाचकानं लिहिलंय की त्यांच्या बेडरूमसमोर खानावळीच्या गच्चीवरचा ब्लोअर रात्री साडेअकरापर्यंत चालतो. हॉटेलच्या ब्लोअरचं शास्त्र हेच, फक्त आकार मोठा: पत्र्याचा चौकोनी डक्ट ढोलासारखा वाजतो, ब्लोअर आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासची जोडपट्टी नसली तर मोटरची थरथर सगळ्या इमारतीत उतरते, आणि डक्ट अपुरा असला की मालक मोठा ब्लोअर आणतो, ज्यानं दुखणं वाढतं. कायद्याचं सांगायचं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. तक्रार करण्याआधी मालकाला एकदा डक्टचं माप विचारून पाहा. कधी कधी माणूस ऐकतो.

दिवाळीच्या रंगकामाला घर उघडं पडणार असेल, माळा रिकामा होणार असेल, तर तेवढ्यात टेप घेऊन वर चढा आणि पाइप मोजा: कॉलरपाशी किती, भिंतीपाशी किती, वळणं किती. मला कळवलंत तर काय बदलता येईल ते पुढच्या एखाद्या लेखांकात लिहीन. आमच्या भिंतीतला चार इंची पाइप तसाच आहे. त्यातून आता इंटरनेटची वायर घरात येते, आणि वायरीला तो भरपूर मोठा आहे.